तपकिरीच्या डबीवर परीकथा कशी आली

काळीभोर चकचकीत डबी, आतून लालभडक, झाकणावर अग्निपक्षी किंवा लांडग्याच्या पाठीवर बसून निघालेला राजपुत्र इव्हान. दुकानदार ती ‘शेकडो वर्षांची रशियन लोककला’ म्हणून विकतात. ते अर्धंच खरं. डबी सव्वादोनशे वर्षांची, चित्राची रीत त्याहून बरीच जुनी, आणि दोघींची गाठ पडली ती १९२०च्या दशकात.

आधी डबी. १७९५ मध्ये प्योत्र कोरोबोव्ह या व्यापाऱ्याने मॉस्कोच्या उत्तरेला, आजच्या फेदोस्किनोपाशी कारखाना काढला. सुरुवातीचा माल होता सैनिकांच्या टोप्यांना पुढे, कपाळावर लावायच्या रोगणी झापा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला स्टोबवासरच्या कारखान्यातलं रोगणकाम पाहून आल्यावर तो तपकिरीच्या डब्यांकडे वळला. त्या काळी तपकीर ओढणं फॅशनचं होतं आणि चांदीची डबी सगळ्यांना परवडत नसे. पुढे कारखाना जावई लुकुतिन याच्या घराण्याकडे गेला आणि १९०४ मध्ये बंद पडला. १९१० मध्ये तिथल्याच जुन्या कारागिरांनी सहकारी संस्था काढून काम पुन्हा सुरू केलं. पण इथली चित्रं तैलरंगातली, वास्तववादी: त्रोइका म्हणजे तीन घोड्यांची गाडी, समोवार म्हणजे चहाच्या पाण्याच्या बंबाभोवती बसलेली मंडळी.

परीकथेचं गाव वेगळं. इव्हानोव्होजवळचं पालेख पिढ्यान्‌पिढ्या आयकॉन, म्हणजे चर्चसाठी आणि घरच्या देव्हाऱ्यासाठी संतांची चित्रं, रंगवून जगत होतं. १९१७ची क्रांती झाली आणि गिऱ्हाईकच संपलं. चित्रकार शेतीला लागले, कुणी लाकडी भांडी आणि खेळणी रंगवू लागले. लाकूड फुगतं, आकसतं, वर बारीक काम टिकत नाही. इव्हान गोलिकोव्हने मॉस्कोच्या हस्तकला संग्रहालयात फेदोस्किनोच्या पेपर माशेच्या, म्हणजे कागद-पुठ्ठ्याच्या, डब्या पाहिल्या आणि फोटो धुवायच्या पेपर माशेच्या ट्रेच्या तळावर चित्र काढून पाहिलं. विषय होता स्वर्गातला आदम आणि भोवतीचे प्राणी. म्हणजे सुरुवात बायबलपासूनच झाली! ५ डिसेंबर १९२४ रोजी सात जणांनी पालेखमध्ये ‘प्राचीन चित्रकला आर्टेल’, म्हणजे कारागिरांची सहकारी संस्था, स्थापन केली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचं काम गाजलं. नव्या राजवटीत संत चालत नव्हते. परीकथा, शिकार, लढाया आणि कवी पुश्किनच्या पद्यकथा चालत होत्या.

हात मात्र आयकॉनचाच राहिला. झाकणावरच्या डोंगराकडे नीट पाहा: पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारे, कडा उजळ असलेले दगड. हा आयकॉनमधला डोंगर आहे, प्रत्यक्षातला असा कुठेच दिसत नाही. लांबट सडपातळ माणसं, भिंती कापून आतलं दाखवणारे महाल, कपड्यांच्या चुण्यांवरच्या सोन्याच्या रेघा, सगळं तिथलंच. संताच्या झग्यावर दैवी प्रकाश दाखवणारी रेघ इथे अग्निपक्ष्याच्या पिसात गेली.

डबी लाकडाची नसते आणि लगद्याचीही नसते. काश्मिरी डबी पाहिलेल्यांचा इथे घोटाळा होतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिठाच्या खळीने लाकडी ठोकळ्याभोवती थरावर थर गुंडाळतात, दाबात ठेवतात, वाळवतात. मग गरम जवसाच्या तेलात मुरवून सुमारे १०० अंशांच्या भट्टीत भाजतात. पुठ्ठा लाकडासारखा कापता-तासता येतो. इथे घाई केली की झाकण पिळतं, आणि ते पुढे कशानेही सरळ होत नाही. त्यावर लाल माती, काजळी आणि उकळलेलं तेल यांच्या अस्तराचे दोन-तीन हात, दर वेळी घासून; मग बाहेर काळं, आत लाल रोगण. रंगवण्याआधीच दीड-दोन महिने गेलेले असतात.

चित्रकार सगळ्यात आधी ती चकाकी मारतो, प्यूमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या पुडीने. चकचकीत किंवा बोटाचं तेल लागलेल्या पृष्ठभागावर पाण्यातला रंग थेंब-थेंब होऊन गोळा होतो. रंग अंड्याच्या बलकात पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून कालवतात. बलक जास्त झाला तर थर तडकतो, कमी पडला तर पूड होऊन निघतो. काळ्यावर पातळ रंग दिसतच नाही, म्हणून आधी आकृत्या पांढऱ्याने भरतात. हा पांढरा जिथे दाट तिथे वरचा रंग उजळ. शेवटी सोनं: वर्ख अरबी डिंकात बोटाने घोटून, खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेलं. ओढल्यावर ते मातकट दिसतं. लांडग्याच्या सुळ्याने घासलं की चमकतं. (सुळा कशासाठी? गुळगुळीत, कठीण आणि टोकाला बाक असलेला, म्हणून.) मग पारदर्शक रोगणाचे अनेक हात, प्रत्येक वाळवून, आणि पॉलिश. रोगणाला पिवळी झाक असते, त्यामुळे खालचा निळा हिरवटाकडे झुकतो. जाणता चित्रकार तो आधीच थोडा जास्त थंड ठेवतो.

पालेखचं पाहून शेजारच्या आयकॉनवाल्या गावांनीही हाच मार्ग धरला: म्स्त्योराने १९३१ मध्ये, खोलुयने १९३४ मध्ये. म्स्त्योराच्या डबीवर काळं क्वचितच उरतं, सगळा पृष्ठभाग गालिच्यासारखा भरलेला. खोलुय पालेख आणि म्स्त्योरा यांच्या मधलं. चित्राखालून शिंपला चमकत असेल तर बहुधा फेदोस्किनो.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर पर्यटकांसाठी नकलांचा पूर आला. छापील चित्र चिकटवायचं, वर चार सोनेरी रेघा हाताने ओढायच्या, रोगण मारायचं. दहापट भिंगाखाली चेहरा धरा: छपाई असेल तर गाल बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो. खालच्या काठावर सोन्यात गावाचं आणि चित्रकाराचं नाव असतं खरं, पण नकली डबीवर तेही असतं, आणि बहुतेकदा ‘पालेख’च.