शंभरची गोळी मोठी की दहाची?
तीव्र वेदनाशामक औषधे घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आधीची गोळी शंभरची होती, ही नुसती दहाची. डॉक्टरांनी पॉवर कमी केली का हो?" काउंटरवर हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कॅन्सरचा रुग्ण असतो आणि हातात रुग्णालयातून मिळालेली स्ट्रिप. आधीची गोळी ट्रॅमाडॉलची, आताची मॉर्फिनची. पॉवर कमी झालेली नाही. पोटात घेतलेलं १० मिलिग्रॅम मॉर्फिन साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉलच्या तोडीचं असतं.

मिलिग्रॅम हे औषधाचं वजन आहे. एकाच औषधाच्या दोन गोळ्यांची तुलना त्यावरून करता येते, दोन वेगळ्या औषधांची नाही.

ही सगळी औषधं अफूच्या कुळातली. मॉर्फिन आणि कोडीन अफूच्या बोंडाच्या चिकातच असतात. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल कारखान्यात तयार होतात. त्यांची ताकद मोजायला डॉक्टर पोटात घ्यायच्या मॉर्फिनचं माप धरतात. त्या मापाने कोडीन सातव्या ते दहाव्या हिश्श्याइतकं, ट्रॅमाडॉल पाचव्या ते दहाव्या हिश्श्याइतकं, टॅपेंटाडॉल निम्म्याहून थोडं कमी, तर ऑक्सिकोडोन सुमारे दीडपट भरतं. मॉर्फिनचंच इंजेक्शन दिलं तर गोळीच्या साधारण एक तृतीयांश मात्रा पुरते, कारण गोळीतला बराचसा भाग यकृतातच खर्ची पडतो.

फेंटॅनिलची गोष्टच निराळी. ते मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. त्याची त्वचेवर चिकटवायची पट्टी, म्हणजे पॅच मिळतो. पॅचवर '२५' छापलेलं असतं, म्हणजे तासाला २५ मायक्रोग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो, पण तो पॅच दिवसाला किमान ६० मिलिग्रॅम मॉर्फिन पोटात घेण्याइतका आहे. ज्याला या औषधांची सवय नाही अशा माणसाचा श्वास त्याने थांबू शकतो. आजोबांचा उरलेला पॅच आजीच्या गुडघ्याला लावू नका, अगदी एक दिवसही नाही. पॅच साधारण तीन दिवसांचा असतो आणि काढल्यावरही अंगातला असर तासन्‌तास राहतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा रुग्णाला चांगलाच ताप भरला, तर औषध नेहमीपेक्षा जास्त शोषलं जातं. ताप आला तर डॉक्टरांना लगेच फोन करा.

हे गुणोत्तर घेऊन घरी हिशेब मात्र करू नका. कोडीनचं यकृतात मॉर्फिन होतं तेव्हा ते काम करतं. काहींच्या शरीरात ते जवळजवळ होतच नाही, काहींच्यात धोका होईल इतक्या झपाट्याने होतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनचे अंश अंगात साचतात. शिवाय एका औषधाची सवय झाली म्हणून दुसऱ्याची तितकीच झाली असं होत नाही. त्यामुळे औषध बदलताना डॉक्टर हिशेबाने आलेली मात्राही बहुधा पाव ते निम्म्याने कमी करूनच सुरुवात करतात. सोबत दारू किंवा झोपेची गोळी नको. रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

एक गोष्ट आम्हाला मनापासून सांगायची आहे. मॉर्फिन लिहून दिलं म्हणजे माणूस शेवटाला आला, असं समजून काही घरं गोळी देतच नाहीत आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. वेदना वाढली की औषध वाढतं, त्याचा आयुष्याच्या दोरीशी संबंध नाही. कॅन्सरच्या वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन वर्षानुवर्षं घेणारे रुग्ण आहेत. बद्धकोष्ठ बहुतेकांना होतो, त्यासाठीचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

मॉर्फिन आम्ही ठेवत नाही; ते सरकारमान्य रुग्णालयांतून मिळतं. ट्रॅमाडॉल आणि कोडीन सरकारच्या एच-१ या कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहेत. चिठ्ठी पाहून रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. ओळखीच्या माणसालाही चिठ्ठीशिवाय देत नाही, राग मानू नये.

येताना रुग्ण घेत असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा, रिकाम्यासुद्धा. वापरलेल्या पॅचमध्ये बरंच औषध शिल्लक असतं. तो चिकट बाजू आत करून दुमडा आणि घरातल्या लहान मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवून आमच्याकडे द्या.