मे महिन्यात हापसा जड का लागतो?

गावातल्या हापशावर वर्षानुवर्षं पाणी भरलेल्या कुठल्याही बाईला विचारा. दिवाळीच्या सुमारास हापसा हलका चालतो आणि मे महिन्यात जड लागतो, हे ती न अडखळता सांगेल. दांडा तोच, साखळी तीच, हापसणारे हातही तेच. मग हे वजन येतं कुठून? ग्रीस संपलं असेल, बेअरिंग गेलं असेल, अशी शंका आधी येते आणि कधीकधी ती खरीही ठरते. पण वंगण भरूनही जडपणा जात नसेल तर उत्तर तरफेच्या हिशेबात शोधावं लागतं. हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत मांडता येतो.

हापशाचा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली पहिल्या प्रकारची तरफ. वरच्या लोखंडी पेटीत एक आडवा आस असतो, तो टेकू. आसाच्या एका बाजूला आपण धरतो तो लांब दांडा, ही बलभुजा. दुसऱ्या बाजूला, पेटीच्या आत, वीतभरही नसलेली भारभुजा. तिला साखळी, साखळीला सळया आणि सळयांच्या तळाशी, खोल पाण्यात बुडालेला दट्ट्या. नियम एका ओळीचा आहे: बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा. बलभुजा भारभुजेच्या जितकी पट, तितक्या पटीने हाताला कमी जोर लागतो. या पटीलाच यांत्रिक फायदा म्हणतात.

आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या इंडिया मार्क-२ या हापशात ही पट आठ आहे. लहान मूल उत्साहाने दांडा मध्येच धरतं आणि लोंबकळूनही तो खाली येत नाही, तेव्हा आई म्हणते, "टोकाला धर गं!" मध्ये धरलं की बलभुजा अर्धी होते, आठाची पट चारावर येते आणि जोर दुप्पट लागतो. आईने नियम वाचलेला नसेल, पण तो तिला ठाऊक आहे.

आता आकडे घेऊ. काटेकोरपणे बल न्यूटनमध्ये मोजतात, इथे आपण ओळखीचे किलोच धरू. दट्ट्या ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस सेंटिमीटर. पाण्याची पातळी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलोचा पाण्याचा स्तंभ उभा असतो. एवढं वजन रांगेत आपल्या नंबराची वाट पाहणारी दहा-बारा वर्षांची मुलगी उचलू शकेल का? पण ९५ ला आठाने भागा, हाताशी जेमतेम १२ किलो उरतात. सळयांचं वजन वेगळं, पण ते बरंचसं दांडाच पेलतो. तो भरीव लोखंडाचा आणि जड केलाय तो उगाच नाही. लांब बाजूचं ते वजन पलीकडच्या सळयांना तोलून धरतं.

तर मग ८३ किलो गेले कुठे? तरफेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. तरफ काम कमी करत नाही. एका खेपेत दट्ट्या फक्त १२.५ सेंटिमीटर वर सरकतो, आणि त्यासाठी आपला हात आठपट, म्हणजे एक मीटर खाली जातो. तिकडे ९५ किलो गुणिले पाव मीटरच्या निम्मं, इकडे १२ किलो गुणिले एक मीटर. दोन्ही गुणाकार सारखेच येतात. जोरात वाचवलेलं अंतरात फेडावं लागतं, आणि घर्षण वर आपला वाटा घेतंच. एका खेपेला पाणी मिळतं जास्तीत जास्त ४०० मिलिलिटर. पंधरा लिटरची कळशी भरायला चाळीसेक वेळा हापसावं लागतं ते यामुळे.

या दांड्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट मात्र ही पट नव्हे, साखळी आहे. तरफेचं टोक सरळ रेषेत चालत नाही, ते कमानीत फिरतं. सळई थेट टोकाला खिळीने जोडली तर प्रत्येक खेपेला ती थोडी बाजूला ओढली जाते, सांधे घासतात, खिळी झिजते. ओतीव लोखंडाच्या जुन्या पंपांची अशीच दशा व्हायची. ते एका कुटुंबापुरते बनवलेले होते, आणि आपल्याकडे त्यांच्यावर अख्खं गाव पाणी भरत होतं. टिकाऊ पंपाच्या शोधात जालना आणि सोलापूर इथे ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामांवरच्या कारागिरांनी स्वतःचे पंप घडवले. सोलापूरच्या पंपाच्या आधारावरच १९७० च्या दशकात भारत सरकार, युनिसेफ आणि इतरांनी मिळून मार्क-२ तयार केला. कोईम्बतूरजवळ त्याच्या चाचण्या झाल्या आणि पुढे तो आफ्रिकेतल्या गावांतही पोचला. सोलापूरचं नाव या गोष्टीत आपल्याकडेच फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

मार्क-२ मध्ये भारभुजेच्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी लोखंडी कमान असते आणि साखळी तिच्यावर गुंडाळली जाते. दांडा कुठल्याही कोनात असो, साखळी आसापासून तेवढ्याच अंतरावरून सरळ खाली उतरते. सळईला बाजूचा ताण नाही, आणि भारभुजा कायम तेवढीच राहिल्यामुळे आठाची पटही ढळत नाही. अडचण एकच, साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या वजनाने. पाणी फार वर असेल आणि सळया कमी असतील तर साखळी सैल पडून हिसके देते.

गंमत म्हणजे दांडा धरणारा हातही तरफच आहे, पण उलट्या सौद्याची. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला, आणि तळहात कोपरापासून पस्तीसेक सेंटिमीटर दूर. कोपरात काटकोन करून पाच किलोची पिशवी धरली की त्या स्नायूला सातपट, पस्तीसेक किलोचा ताण द्यावा लागतो. मोबदल्यात स्नायू एक सेंटिमीटर आखडला तर तळहात सात सेंटिमीटर हलतो. शरीराने जोर देऊन वेग घेतला, हापशाने वेग देऊन जोर घेतला.

आता मे महिन्याकडे येऊ. दट्ट्यावरचा भार बोअर किती खोल खणलंय यावर नाही, पाणी किती खोल आहे यावर ठरतो. पातळी दहा मीटर उतरली की दट्ट्यावर आणखी ३२ किलो येतात, म्हणजे हाताला चार. बारा किलोचे सोळा झाले, आणि कळशीला चाळीस खेपा होत्या तेवढ्याच राहिल्या. दांडा अचानक हलका झाला आणि तोटीतून पाणीच आलं नाही, तर मात्र वॉशर फाटलाय, सळई तुटलीय किंवा पाणी दट्ट्याच्याही खाली गेलंय.