खाजगी अंतर्गत पत्ते

संगणकांच्या जाळ्यात आतल्या आत वापरायचे, बाहेरच्या इंटरनेटवर ज्यांना वाट मिळत नाही असे आयपी पत्ते. राउटरची सेटिंग उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकतात, तो असाच एक. तोच पत्ता शेजारच्या घरातही असतो आणि दोघांचेही काही अडत नाही.

आयपीव्ही४मध्ये, म्हणजे पत्ते देण्याच्या जुन्या पद्धतीत, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले. त्यांतला सर्वांत मोठा १०ने सुरू होतो; १९९०मध्ये बंद झालेल्या अर्पानेटचा तो जुना क्रमांक. नॅटमुळे, म्हणजे जाळ्याच्या वेशीवर खाजगी पत्ता बदलून सार्वजनिक पत्ता लावण्याच्या युक्तीमुळे, अख्खे कार्यालय एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बोलू लागले.

दुखणे उघडे पडते ते दोन जाळी जोडताना. दोन कंपन्या एकत्र येतात, १९२.१६८.१.२० हा एकीकडे हिशेबाचा सर्व्हर असतो, दुसरीकडे प्रिंटर. आता त्या पत्त्यावर पाठवलेले नेमके जायचे कुठे? मग एका बाजूचे सगळे पत्ते बदला, नाहीतर मध्ये आणखी एक नॅट बसवा.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत हीच चूक ‘साइट-लोकल’ पत्त्यांच्या रूपाने पुन्हा आली. ‘साइट’ कुठे संपते हेच नीट ठरेना, आणि पत्ते सगळीकडे सारखेच. सप्टेंबर २००४मध्ये आरएफसी ३८७९ने ते मोडीत काढले. नव्या सॉफ्टवेअरने त्यांना खास वागणूक देण्याचे कारण उरलेले नाही.

अंतर्गत पत्त्यांची गरज मात्र खरी आहे. इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता बदलला किंवा लाइन गेली, तरी घरातल्या फोनला प्रिंटर सापडलाच पाहिजे. त्यासाठी ऑक्टोबर २००५मध्ये ‘युनिक लोकल’ पत्ते आले. त्यांची सुरुवात ‘एफडी’ने होते आणि पुढचे ४० बिट (शून्य-एकचे अंक) यादृच्छिक निवडायचे असतात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. त्यामुळे दोन जाळी जोडली तरी टक्कर जवळजवळ अशक्य. सोय म्हणून तिथे नुसती शून्ये भरणारे हा सगळा फायदा घालवतात. ‘युनिक लोकल’ पत्त्यांना सॉफ्टवेअरने पाठिंबा द्यायलाच हवा, आणि तोही मनापासून: कोणता पत्ता आधी निवडायचा याच्या, २०१२च्या आरएफसी ६७२४मधील मूळ क्रमवारीत आयपीव्ही४ त्यांच्या वर आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारचे पत्ते असलेल्या सर्व्हरकडे जाताना संगणक सहसा जुनीच वाट धरतो.

खाजगी पत्ता म्हणजे सुरक्षा नव्हे. ते काम फायरवॉलचे, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्याचे.