सुहा: नजरेतून निसटणाऱ्या ताऱ्याचं नाव

मुलींच्या नावांच्या याद्यांमध्ये 'सुहा' हे अरबी नाव क्वचितच सापडतं. सापडलंच, तर त्याच्यापुढे अर्थ म्हणून एकच शब्द लिहिलेला असतो: तारा. ही नोंद मला दर वेळी खटकते. नुसत्या ताऱ्याला अरबीत 'नज्म' आणि 'कौकब' असे शब्द आहेत आणि त्यांवरून नज्मा, कौकब ही मुलींची नावंही आहेत. सुहा म्हणजे कुठलाही तारा नव्हे. आकाशातल्या एका ठरावीक ताऱ्याचं ते नाव आहे, आणि तो तारा आपल्या ओळखीचा आहे. आपण त्याला अरुंधती म्हणतो.

सप्तर्षींचा पतंग डोळ्यांसमोर आणा. चार तारे पतंगाचे, तीन शेपटीचे. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला अगदी खेटून असलेला मंद ठिपका अरुंधती. अरबांनी याच सात ताऱ्यांत वेगळं चित्र पाहिलं. चौकोनातल्या चार ताऱ्यांची त्यांनी तिरडी केली आणि शेपटीतल्या तीन ताऱ्यांच्या तिच्यामागून चालणाऱ्या मुली केल्या. म्हणून या समूहाचं नाव 'बनात नअश', म्हणजे तिरडीच्या लेकी. शेवटच्या ताऱ्याला ते 'काइद', म्हणजे पुढारी म्हणतात. आपला तो मरीची. आणि मधल्या लेकीजवळ जेमतेम दिसणारी ती सुहा.

अरबी शब्दकोशांत हा शब्द स-ह-व या तीन अक्षरांच्या धातूखाली येतो. या धातूचा अर्थ विसरणं, लक्षातून सुटणं. नमाज पढताना एखादी गोष्ट राहून गेली तर शेवटी दोन जादा सजदे, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून नमन, करतात, त्यांना 'सजदा-ए-सह्व' म्हणतात. त्यातला 'सह्व' तो हाच. तेव्हा सुहा म्हणजे नजरेतून सुटून जाणारी, दुर्लक्षित राहिलेली. लेकीचं नाव 'दुर्लक्षित' कोण ठेवेल, असं वाटू शकतं. पण ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात तारा असतो, जो शोधणाऱ्यालाच दिसतो. माझ्या मते मुलीच्या नावासाठी याहून सुंदर अर्थ मिळणं कठीण आहे.

हा तारा नजरेतून सुटतो तरी का? खगोलशास्त्र म्हणतं की सुटायचं काही कारण नाही. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश, म्हणजे ३० कला. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात १२ कलांचं अंतर आहे, आणि निरोगी डोळा एका कलेइतक्या अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू शकतो. अरुंधतीची प्रत, म्हणजे तेजाचं माप, ४ आहे; हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. शहराबाहेरच्या आकाशात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे साध्या डोळ्यांना दिसतात. मग अडतं कुठे?

याचं उत्तर मला गच्चीवर चष्मा पुसताना मिळालं. माझा नंबर उणे दोन आहे. चष्मा डोळ्यांवर असताना दोन्ही तारे सुट्टे, टोकदार दिसत होते. तो काढला आणि वसिष्ठाचा पसरून चंद्राएवढा फिकट डाग झाला. अरुंधती त्यात कुठे गेली ते कळलंच नाही. हिशेबही तेच सांगतो. अंधारात डोळ्याची बाहुली पाचेक मिलिमीटर उघडते. एवढ्या बाहुलीला नुसता उणे एक नंबर असला आणि चष्मा नसला, तर बिंदूसारखा तारा सुमारे १७ कलांची चकती होऊन दिसतो. दोन ताऱ्यांतलं अंतर १२ कलांचं, म्हणजे चकत्या एकमेकींवर चढणारच. त्यात वसिष्ठ अरुंधतीच्या सुमारे सहापट तेजस्वी, त्यामुळे बुडते ती अरुंधती. मोतिबिंदूची सुरुवात झाली असेल तर डोळ्यातच प्रकाश विखुरतो आणि परिणाम तोच होतो.

डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या कितीतरी आधी अरबी ग्रंथकार लिहून गेले आहेत की लोक आपली नजर सुहावर पारखून बघतात. उणे एकच्या आसपासचा नंबर या एका ताऱ्यावरून कळू शकतो, हे आजच्या प्रकाशशास्त्राने तपासलं तरी टिकतं.

आपल्याकडेही एका संस्कृत सुभाषितात म्हटलंय की ज्यांचं आयुष्य सरत आलं, त्यांना विझलेल्या दिव्याचा वास येत नाही, मित्राचा शब्द ऐकू येत नाही आणि अरुंधती दिसत नाही. लोकांनी यातून अपशकुनाची भीती तेवढी उचलली. मला त्यात वार्धक्याचं बारीक निरीक्षण दिसतं: वास, कान, डोळे, तिन्ही एकेक करून कमी होत जातात.

बारीक गोष्ट दुसऱ्याला दाखवायची कशी, हा प्रश्नही दोन्हीकडे याच ताऱ्यावरून पडला. लग्नात सप्तपदीनंतर वधूला अरुंधती दाखवतात. ती एकदम सापडत नाही, म्हणून आधी शेजारच्या ठळक ताऱ्याकडे बोट करून 'ही बघ अरुंधती' म्हणायचं आणि तिथे नजर ठरली की 'ती नव्हे, तिच्या बाजूची' म्हणून खरी दाखवायची. तत्त्वज्ञानात याचा 'स्थूलारुंधती न्याय' झाला आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात तो वापरला. अरबी म्हण म्हणते, 'मी तिला सुहा दाखवतो आणि ती मला चंद्र दाखवते.' सूक्ष्म मुद्दा मांडावा आणि समोरून ढोबळ उत्तर यावं, तेव्हा ही म्हण वापरतात. आपला गुरू ठळकाकडून बारीकाकडे नेतो, तर त्यांच्या म्हणीतली ती बारीक सोडून थेट सगळ्यात ठळक वस्तूकडे बोट दाखवते.

सीरियातल्या मअर्रा गावचा कवी अबुल अला अल-मअर्री (९७३ ते १०५७) याने काळ कसा उलटा फिरलाय हे सांगताना लिहिलं की आता सुहा सूर्याला म्हणते, 'तू अगदीच मिणमिणता आहेस.' मअर्रीची दृष्टी वयाच्या चौथ्या वर्षीच देवीच्या आजारात गेली होती. नजर पारखायचा हा तारा त्याला भाषेतून मिळाला आणि त्याने तो सूर्यासमोर उभा केला. या ओळीपाशी मी नेहमी थांबतो.

दुर्बीण आल्यावर या जोडीचं कुटुंब वाढत गेलं. १६१७ मध्ये शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्लीच्या सांगण्यावरून गॅलिलिओने वसिष्ठाकडे दुर्बीण वळवली, तेव्हा तो एकटाच मुळी दोन तारे निघाला. पुढे वर्णपटावरून या दोघांतला प्रत्येक जण पुन्हा जोडतारा असल्याचं कळलं. म्हणजे वसिष्ठच चार ताऱ्यांचा. सुहा मात्र शतकानुशतकं एकटी समजली जात होती. तिला एक मंद लाल सोबती आहे हे २००९ मध्ये उघड झालं. तो तिच्या झगमगाटात लपला होता. एकूण सहा तारे, आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आणि एकत्र प्रवास करणारे. सप्तर्षींपैकी क्रतू आणि मरीची या टोकाच्या दोघांना वगळलं तर बाकीचे पाचही याच प्रवासातले.

आता नावाच्या वापराकडे. पॅलेस्टाइन, जॉर्डन, लेबनॉन, इराक या भागांत सुहा हे मुलीचं नाव म्हणून ठेवतात. पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांच्या पत्नीमुळे ते बातम्यांतून जगभर पोचलं. तरी फातिमा, मरियम, आयेशा यांच्यासारखं ते घरोघरी नाही. धर्मपरंपरेतल्या थोर स्त्रीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालतं, पण मंद ताऱ्याचं नाव ज्याला भाषेची आणि आकाशाची गोडी असते त्यालाच सुचतं. शिवाय ताऱ्यांच्या नावांतही सुरैय्या, म्हणजे कृत्तिकांचा पुंजका, फार पुढे आहे. आपल्याला ते नाव गायिका-अभिनेत्री सुरैय्यामुळे परिचयाचं. फारसी उच्चारात सुहाचं 'सोहा' होतं. तुर्कस्तानात मात्र सुहा हे पुरुषाचं नाव आहे.

मराठीत लिहिताना एक घोटाळा टाळावा. सुहास आणि सुहाना यांच्याशी सुहाचा काही संबंध नाही. सुहास संस्कृतातून, 'सु' आणि 'हास' मिळून झालेला. सुहैल हे नाव अरबीच आणि तेही ताऱ्याचंच, पण तो तारा म्हणजे आपला अगस्त्य. त्याचा धातू वेगळा आणि तेज डोळ्यांत भरणारं.

घरात एखादी सुहा असेल, तर मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास तिला गच्चीवर न्या. महाराष्ट्रातून सप्तर्षी तेव्हा उत्तरेला, क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध, जरा वरच असतात. आधी वसिष्ठ दाखवा, मग तिचा तारा तिलाच शोधू द्या. शाळकरी वयात नंबर गुपचूप लागतो आणि फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं सांगत नाहीत. आकाश स्वच्छ असून, मोठ्यांना दोन तारे दिसत असताना तिला एकच दिसला, तर त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.