आधी यादीत नाव तर लागू दे

ट्रान्सप्लांटमधला भेदभाव म्हटलं की डोळ्यापुढे येतो तो वशिला लावून रांगेत मधेच घुसणारा कुणीतरी. दिव्यांग माणसांचं दुखणं त्याच्याही आधीचं आहे, त्यांना रांगेतच उभं राहू देत नाहीत. अमेरिकेत अवयव आला की वेटिंग लिस्टमधला कुठला पेशंट, ते कम्प्युटर रक्तगट, तब्येत किती खालावलीय, किती दिवस थांबलाय असं सगळं बघून सांगतो. कम्प्युटरला पेशंटचा डाऊन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक वाढ मागे ठेवणारी जन्मजात स्थिती, दिसत नाही. पण लिस्टमधे नाव घालायचं की नाही हे हॉस्पिटलची टीम ठरवते, आणि सगळी गोची तिथेच आहे.

हे ‘कोण लायक’ प्रकरण जुनं आहे. १९६० मधे सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी नळी तयार केली, त्यामुळे किडनी निकामी झालेला माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगू शकेल असं झालं, पण मशीनं मोजकी. मग मशीन कुणाला द्यायचं ते ठरवायला ७ जणांची कमिटी नेमली, त्यात वकील, पाद्री, बँकर, गृहिणी, कामगार पुढारी असे लोक, नावं गुप्त. १९६२ मधे लाइफ मासिकाने ते सगळं छापलं तेव्हा लोक हादरले, कारण शिक्षण किती, लग्न झालंय का, चर्चला जातो का असल्या गोष्टींवर माणूस जगणार की मरणार हे ठरत होतं. १९७२ मधे सरकारने डायलिसिसचा खर्च मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात घेतला आणि तो प्रश्न बराचसा मिटला. पण पैसे टाकले की मशीनं वाढतात, हृदय आणि किडनी नाही वाढत.

कायदा तसा होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ प्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करता येत नाही, त्याचे नियम लागू व्हावेत म्हणून १९७७ मधे सॅन फ्रान्सिस्कोत दिव्यांग आंदोलक जवळपास महिनाभर सरकारी ऑफिसात ठाण मांडून बसले होते. १९९० मधे एडीए हा दिव्यांगांच्या समान हक्कांचा कायदा आला. तरी ट्रान्सप्लांटच्या दाराशी हे कायदे कुणाला आठवलेच नाहीत.

आठवण करून दिली सँड्रा जेन्सनने. कॅलिफोर्नियाची, डाऊन सिंड्रोम असलेली, स्वतंत्र राहणारी आणि दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणारी बाई. १९९५ मधे तिला हृदय आणि फुप्फुसं दोन्ही हवी होती आणि दोन मोठ्या सेंटरनी नाही म्हटलं, का तर नंतरची औषधं तिला झेपणार नाहीत. या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. ट्रान्सप्लांटनंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी गोळी १२-१२ तासांनी, ठरल्या वेळी, आयुष्यभर घ्यावी लागते, रक्त सारखं तपासावं लागतं. चुकली तर अवयव जाऊ शकतो, डॉक्टरांची काळजी खोटी नाही. पण मग विचारायचं ते हे, की डबीत गोळ्या कोण भरणार, अलार्म कोण लावणार, सोबत कोण आहे. घड्याळाच्या ठोक्याला गोळी घेणारी डाऊन सिंड्रोमची माणसं आहेत आणि औषध विसरणारे चांगले शिकलेलेही आहेत. निदानाचं नाव वाचून ते कसं कळणार?

बोंबाबोंब झाल्यावर निर्णय फिरला, जानेवारी १९९६ मधे स्टॅनफर्डला ऑपरेशन झालं. ती सव्वा वर्षाच्या वर जगली, १९९७ मधे गेली. त्याच १९९६ मधे कॅलिफोर्नियाने अपंगत्वावरून ट्रान्सप्लांट नाकारण्याविरुद्ध कायदा केला, देशात पहिला.

मग बरीच वर्षं सामसूम. २००६ च्या हृदय प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमधे बौद्धिक अपंगत्व हे ‘शक्यतो नको’ या खान्यातच होतं. २००९ मधे छापलेल्या सर्व्हेत मुलांच्या ट्रान्सप्लांट प्रोग्रॅमपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं की बौद्धिक वाढ मागे असणं आम्ही नेहमी किंवा बहुतेकदा विचारात घेतो, आणि ते कसं घ्यायचं याची लेखी, सगळ्यांना सारखी पद्धत एकाकडेही नव्हती. मला तरी हेच सगळ्यात जास्त टोचतं, ती गुप्त कमिटी जाऊन इतकी वर्षं झाली तरी मोजपट्टी तेव्हाही मनातलीच!

२०१२ मधे न्यू जर्सीच्या एका आईने आपल्या छोट्या मुलीला हॉस्पिटलने बौद्धिक अपंगत्वामुळे किडनी नाकारली असं इंटरनेटवर लिहिलं, देशभर संताप उसळला, शेवटी आईचीच किडनी मुलीला बसली. २०१३ मधे न्यू जर्सीत कायदा झाला, पाठोपाठ मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि मग बरीच राज्यं. २०१९ मधे नॅशनल कौन्सिल ऑन डिसॅबिलिटी या सरकारी सल्लागार संस्थेने यावर अख्खा रिपोर्ट काढला, आणि मे २०२४ मधे कलम ५०४ चे सुधारलेले नियम आले, त्यात अपंगत्वाबद्दलच्या पूर्वग्रहावरून उपचार नाकारणं स्पष्टच बेकायदेशीर ठरवलंय.

यातल्या बऱ्याच राज्यांच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे आणि ती फार विचारपूर्वक घातलीय, अशी केस कोर्टाने इतर केसेस बाजूला ठेवून आधी ऐकायची, कारण हृदय बंद पडत चाललेल्या माणसाकडे पुढच्या तारखेपर्यंत थांबायला वेळ नसतो.