पोस्टर छापण्याआधी : पक्ष्यांच्या अधिवासासाठी एकत्र आलेल्या संस्थांकरिता माहितीपत्रक

आमच्याकडे येणारा पहिला फोन बहुतेक वेळा असा असतो : "पाच हजार पत्रकं, वीस फ्लेक्स आणि एक छोटी फिल्म. किती होतील?" आम्ही पत्रकं छापून देतो, फिल्मही करतो. पण काम पक्ष्यांचं असेल तर आधी आम्हीच विचारतो : हे वाचून किंवा पाहून कोणी, कोणत्या महिन्यात, काय वेगळं करावं अशी तुमची इच्छा आहे? याचं उत्तर एका वाक्यात येईपर्यंत आम्ही छापखान्याला फोन करत नाही. त्यामुळे काही कामं हातची गेली आहेत, पण चालायचंच.

आम्ही सोलापुरात बसणारी चार माणसं. एक जण पूर्वी वार्ताहर होता, एक चित्रकार, एक हिशेब बघते आणि उरलेला गावोगाव फिरतो. वनखातं, जलसंपदा, चार-दोन ग्रामपंचायती, मच्छीमार सोसायटी, कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग, गावातलं पक्षिमित्र मंडळ अशी मंडळी एखाद्या तलावासाठी किंवा माळासाठी एकत्र येतात, तेव्हा त्यांनी गावाशी काय, कधी, कसं बोलायचं याचा आराखडा करून देणं हे आमचं काम. त्यात नेमकं काय असतं, ते इथे सांगतो.

माळढोकापासून सुरुवात का

सोलापूरकराला हे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून जास्त. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांतली शेतं, गावठाणं, रस्ते, बाजारपेठा असं सगळं त्यात आलं. पक्षी मात्र सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या मोजक्या माळांवर राहत होता. जमिनीचे व्यवहार, बांधकाम, कारखाना, काहीही करायचं म्हटलं की 'अभयारण्य' हा शब्द आडवा यायचा. ज्या शेतकऱ्याने माळढोक उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, त्यालाही तो आपला वैरी वाटू लागला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते.

निव्वळ बोलणं चुकलं म्हणून पक्षी गेला, असं आम्ही म्हणणार नाही. माळ नांगरले गेले, पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालणाऱ्या पक्ष्याला यातलं कुठलंही एक कारण पुरे होतं. पण गावकऱ्यांना अभयारण्याची रेषा आधी कळली आणि कारण नंतर, तेही अर्धवट. आमच्या भागात 'अभयारण्य' म्हटल्यावर अजून कपाळाला आठ्या पडतात, त्या तेव्हापासूनच्या.

म्हणून आमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर पक्षी नसतो. तिथे एकच प्रश्न असतो : 'माझी जमीन जाणार का?' तुमच्या गटातल्या प्रत्येकाने त्याचं तेच आणि तितकंच खरं उत्तर द्यायला हवं. राज्यात नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांना २०२० मध्ये, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा, जाहीर झाला. अशा दर्जाने कोणाच्या जमिनीची मालकी बदलत नाही. हे खरं आहे आणि सगळे सांगतात. पण पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत भराव, अतिक्रमण, काठालगतचं पक्कं बांधकाम यांवर बंधनं आहेत. हेही खरं आहे, पण हे सांगताना आवाज खाली येतो. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायच्या. दुसरी लपवली आणि सहा महिन्यांनी तलाठ्याकडून कळली, तर पुढची दहा वर्षं तुमचं कोणी ऐकत नाही.

पक्ष्याचं पंचांग, शेताचं पंचांग

आराखड्याचं मुख्य पान म्हणजे एक मोठा तक्ता, बारा महिन्यांचा. उजनी धरणाचं उदाहरण घ्या. पावसाळा संपताना त्याचा जलाशय, यशवंत सागर, भरलेला असतो. मग आवर्तनं सुटतात, पाणी उतरू लागतं, काठाचा गाळ उघडा पडतो. त्या उथळ कडेला रोहित, चित्रबलाक, चमचे, शेकाटे चरायला उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब काठच्या शेतांत दिसतात. नेमक्या त्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकऱ्याची गाळपेर, म्हणजे गाळातली पेरणी, असते, त्याचे पाण्यात सोडलेले पंप असतात, त्याची फवारणी असते. आणि त्याच महिन्यांत पुण्याहून गाड्या भरून पर्यटक भिगवण, कुंभारगाव, डिकसळला येतात. चिलापी मारणारी होडी सकाळी फोटोवाल्यांना घेऊन जाते.

हे सगळं एका तक्त्यावर आलं की कामं आपोआप दिसतात. होडीवाल्याशी बोलायचं ते हंगाम लागण्याआधी. जानेवारीच्या रविवारी नाही, तेव्हा त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. बोलायचं काय? 'पक्षी वाचवा' नाही. थव्यापासून दूर इंजिन बंद करा, वल्ह्याने जा, थवा उडाला तर तुमच्या मागच्या चार होड्यांचं गिऱ्हाईक गेलं, हे बोलायचं. होडीवाल्याला ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. अडचण असते ती 'अजून जवळ घ्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची. म्हणजे खरं पत्रक होडीवाल्यासाठी नकोच. गिऱ्हाइकासाठी एक पाटी हवी, होडीत बसल्यावर समोर दिसेल अशी, म्हणजे 'नाही' म्हणण्याचं काम पाटी करेल आणि होडीवाल्याचा धंदा राहील. एवढं शोधायला आम्हाला तीन सकाळी काठावर बसावं लागलं. फ्लेक्स मात्र अर्ध्या तासात झाला असता.

तक्त्यात ग्रामसभांच्या तारखाही घालतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. हिवाळी पाहुण्यांसाठी २ ऑक्टोबरची सभा सोन्यासारखी, कारण पक्षी यायचे असतात आणि लोकांना वेळ असतो. उलट मे महिन्यातला जागतिक स्थलांतरित पक्षी दिन आमच्याकडे साजरा करताना जरा हसू येतं. तोवर पाहुणे बहुतेक निघून गेलेले असतात आणि काठावर उरतात ती मंडपाच्या बांबूंची भोकं. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह चांगला आहे, चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या वाढदिवसांमधला. फक्त वर्षाचं सगळं बजेट त्या आठ दिवसांत संपवू नका.

आधी त्याचं काम, मग पक्षी

प्रदेशभर पसरलेल्या पक्षी-अधिवास भागीदाऱ्या उत्तर अमेरिकेत १९८६ च्या पाणपक्षी आराखड्यानंतर उभ्या राहिल्या, म्हणून गिऱ्हाईक कधीकधी तिकडची चकचकीत पुस्तिका दाखवतात. पुस्तिकेपेक्षा तिथली एक गोष्ट आम्हाला जास्त उपयोगी वाटते. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत भात कापल्यावर पेंढा जाळायचे. १९९१ च्या कायद्याने त्याला आळा घातला. मग शेतकरी हिवाळ्यात खाचरांत पाणी सोडून पेंढा कुजवू लागले आणि त्या पाण्यावर बदकं, हंस उतरू लागले. शेतकऱ्याच्या लेखी प्रश्न पेंढ्याचा होता. तुमच्या भागातला 'पेंढा' कुठला, ते आम्ही पहिल्या महिन्यात शोधतो. नान्नजकडे तो काळविटांनी खाल्लेली ज्वारी असू शकतो, नांदूर मध्यमेश्वरला पाण्यावर पसरलेली जलपर्णी. त्यावर तुमच्या गटाकडे बोलण्यासारखं काहीच नसेल, तर आधी ते तयार करा. नुसत्या गोड बोलण्याने पोट भरत नाही.

सहा संस्था, एक उत्तर

सर्वांत अवघड भाग गावाशी बोलण्याचा नाही, गटाने आपसांत ठरवण्याचा आहे. उजनीला तीन जिल्हे लागतात : पुणे, सोलापूर, अहिल्यानगर. म्हणजे तीन जिल्हाधिकारी, तीन पालकमंत्री आणि फोन केला की 'ते आमच्या हद्दीत नाही' म्हणणारे किमान नऊ जण.

सारसाचं बघा. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यात उरला आहे आणि वैनगंगा, बाघ या नद्यांपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात. तो मामा (माजी मालगुजारी) तलावांवर चरतो आणि घरटं धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, घालतो. पक्षी दिवसातून चारदा राज्याची हद्द ओलांडतो, सरकारी पत्रक मात्र ओलांडत नाही. तिथे आम्ही काम केलेलं नाही, पण कोणी बोलावलं तर पहिल्या बैठकीत तीन गोष्टी मागू. बांधीत घरटं दिसलं तर शेतकऱ्याने कोणाला फोन करायचा? त्याने तेवढा तुकडा न कापता राखला तर त्याचं नुकसान कोण भरणार? आणि नदीच्या दोन्ही काठांना हेच उत्तर मिळेल का, इकडे मराठीत आणि झाडीबोलीत, तिकडे हिंदीत? दुसऱ्या प्रश्नावर बैठक शांत झाली तर पत्रक अजून वर्षभर लांब आहे, असं समजायचं.

यासाठी आम्ही एक पान करतो, त्याला 'सहीचं पान' म्हणतो. दहा अवघड प्रश्न, दहा छोटी उत्तरं, खाली प्रत्येक संस्थेची सही. वर्तमानपत्राशी कोण बोलणार आणि कोण बोलणार नाही, हेही त्यावर असतं. बऱ्याच गटांत याच पानावर दोन महिने जातात. त्या दोन महिन्यांचे पैसे आम्ही लावतो. ते योग्य आहेत असं आमचं प्रामाणिक मत आहे, गिऱ्हाईकाचं नेहमीच तसं असतं असं नाही.

नावं, नंबर, फोटो

पक्ष्याचं गावात चालणारं नाव वापरा. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपक्ष्याला वारकरी म्हणतात, हे ऐकून पंढरपूरच्या रस्त्यावरचा माणूस हसतो आणि पुढचं ऐकतो. नावाची ताकद नागालँडने फार सुंदर दाखवली. २०१२ पर्यंत दोयांग जलाशयावर अमूर ससाण्यांची मोठी शिकार होत होती. ग्रामपरिषदा आणि चर्च पुढे आले आणि पुढच्याच वर्षी ती थांबली. तेव्हा उपग्रह-यंत्र बसवून सोडलेल्या तीन ससाण्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. पांगती हे गावाचंच नाव. आपल्या गावाचं नाव घेऊन पक्षी आफ्रिकेला गेला म्हटल्यावर त्याची चौकशी कोण करणार नाही?

फोन नंबर माणसाचा देऊ नका, पदाचा किंवा कार्यालयाचा द्या. हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. एका तलावासाठी दोन हजार पत्रकं छापली, जखमी पक्षी दिसल्यास अमुक साहेबांना फोन करा म्हणून. सात आठवड्यांत साहेबांची बदली झाली. ते भले गृहस्थ, नव्या जिल्ह्यातूनही फोन उचलत राहिले, पण पक्ष्याला त्याचा काय उपयोग? उरलेल्या बाराशे पत्रकांवर आमच्याच मुलांनी दोन संध्याकाळ बसून चिकटपट्ट्या लावल्या.

घरट्याचा फोटो ठिकाणासह कुठेही टाकायचा नाही, तुमच्या स्वतःच्या पानावरही नाही. फोटोत फोनने आपोआप लिहिलेली जागा काढून टाकायची. याबाबत आम्ही हट्टी आहोत. फोटो कितीही चांगला असला तरी.

माध्यमांबद्दल फार लिहीत नाही, ती जागेवर ठरतात. दूध डेअरीतली सकाळची रांग, आठवडी बाजार, सोसायटीचा फळा, मंदिराचा भोंगा, गावाच्या ग्रुपवरचा दोन मिनिटांचा आवाजी निरोप. निरोप गावातल्याच माणसाच्या आवाजात असावा. पुण्याचा निवेदक नको.

वेळ, पैसे, मोजमाप

पूर्ण आराखड्याला तीन ते चार महिने लागतात, सहीचं पान रखडलं तर जास्त. पैसे तीन हप्त्यांत घेतो : काठावरच्या फिरतीनंतर, सहीच्या पानानंतर आणि बारमाही तक्ता हाती दिल्यावर. छपाईचं बिल छापखान्याचं, ते थेट त्यांना द्या. आम्ही त्यात कमिशन ठेवत नाही.

किती लोकांनी व्हिडिओ पाहिला हे आम्ही कळवतो, पण त्याला फार किंमत देत नाही. मोजतो ते वेगळंच : एका रविवारी किती होड्यांनी इंजिन बंद केलं, हंगामात जखमी पक्ष्याचे किती फोन आले, ग्रामसभेत जमिनीचा प्रश्न दुसऱ्यांदा किती जणांनी विचारला. तिसरा आकडा कमी होत गेला तर आराखडा लागू पडतोय.

पहिल्या भेटीला येताना गावांच्या हद्दी दाखवणारा नकाशा, गटातल्या सगळ्या संस्थांची यादी, आधी छापलेलं काही असेल तर त्याची एकेक प्रत, आणि तुमच्यावर सर्वांत जास्त रागावलेल्या गावकऱ्याचं नाव आणा. त्याला आम्ही आधी भेटतो. सोमवार ते शनिवार, सकाळी दहानंतर. मंगळवारी फोन करून या, त्या दिवशी आम्ही बहुधा काठावर असतो.