'वय झालं, आता बसा की'

साठी ओलांडलेल्या माणसाला कामातनं उठवून खुर्चीत बसवणारी कोल्हापूरकडची घरगुती समजूत. बोलणाऱ्याच्या पोटात माया असते, म्हणूनच ती मोडायला अवघड. आज्जीच्या हातातली पिशवी काढून घेतली, आबांची सायकल विकून टाकली की हळूहळू दोघंही खरंच बसतात, कारण स्नायूंना काम नाही मिळालं की ते झिजतात, मांड्यातला जोर गेला की तोल जातो आणि ओल्या न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यातच किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम, म्हणजे रंकाळा तलावावर चक्कर मारून बाकड्यावर गप्पा हाणल्या तर अर्धंच काम झालं (गप्पा पण लागतात म्हणा, एकटा पडलेला माणूस लवकर खचतो).

याच गावात उलटं पण बघायला मिळतं. तालमीतला वस्ताद रिटायर होत नाही. स्वतःची कुस्ती सुटली तरी लाल मातीच्या कडेला बसून पोरांचे डाव सुधारतो, पोरं पाया पडूनच आखाड्यात उतरतात.

बायकांना असली जागा कुणी ठेवलेली नाही. आमच्या आज्जीनं ती कपिलतीर्थ मंडईत शोधली, गुडघे दुखत असताना रोज जायची, मेथीची जुडी उलटीपालटी करून दोन रुपयांसाठी भांडून यायची. भाजीवाला दारात येतोय म्हणून किती सांगितलं, ऐकेल तर शप्पथ. शेवटी न्हाणीत धरायला दांडा बसवला, उंबऱ्याजवळ लाईट लावली आणि तिला जाऊ दिलं.

सरकारी सवलती बऱ्या आहेत. एसटी ७५ च्या पुढं फुकट (२०२२ पासून), ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. ७० च्या पुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पोरं सांभाळत नसतील तर आईवडील आणि ज्येष्ठांच्या सांभाळाच्या २००७ च्या कायद्यानं प्रांत अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. त्यातच कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर सांभाळलं नाही तर परत घेता येतं, पण ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली बरी. आणि लिहायची वेळ आली की आबाच म्हणतात, पोटच्या पोराबरोबर कसला करार करायचा?